शेजारच्या गाण्यासाठी सोडलेला चहा

लग्न होऊन मी मोडनिंबहून सोलापुरात आले ते वर्ष दुष्काळाचं होतं. रेशनवर लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी घशाखाली उतरवायची तर शेंगाची चटणी लागायचीच, आणि ती माझ्यासारखी कुटणारी आमच्या गल्लीत दुसरी कुणी नव्हती. हे माझं मीच सांगते, कारण सांगायला आता त्या गल्लीतलं फारसं कुणी उरलेलं नाही. नवरा नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला जायचा. घरात मी आणि सासूबाई. त्या निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलायच्या, आणि चिडल्या की सगळंच कानडी. मला कानडी येत नव्हतं, म्हणून आमचं बरं चाललं होतं.

गल्लीत नळ एकच, आणि पाणी यायचं ते सकाळी, करंगळीएवढ्या धारेनं. घागरी रांगेत लावून आम्ही बायका बसून राहायचो. नळामागं भिंत होती आणि भिंतीपलीकडं एका गवयाची खोली. गवई म्हणजे पोटापाण्याला गिरणीत कामगार, पण ओळख गाण्याची. संध्याकाळी कुठंकुठं भजनाला त्याला बोलावून नेत. सकाळी गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी तो पेटी घेऊन रियाजाला बसायचा.

पहिल्या दिवशी मी तो आवाज ऐकला आणि माझी घागर भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही. दुष्काळात पाणी सांडणं म्हणजे केवढा गुन्हा! समोरच्या घरात विड्या वळणाऱ्या एक तेलुगू बाई राहायच्या, त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची. त्यांनी उठून माझी घागर बाजूला ओढली. आता बोलणी खावी लागणार म्हणून मी मान खाली घातली, तर त्या एवढंच म्हणाल्या, "व्हतंय असं. आमचं सगळ्यांचंच झालंय."

रोज तो एक अभंग हटकून म्हणायचा. दुसऱ्या ओळीला आवाज असा वर न्यायचा, की घरातलं कुणीतरी गावाहून परत आलंय असं वाटायचं. मी काही गाण्यातली जाणकार नाही. पण त्या ओळीला माझ्या डोळ्यांत पाणी यायचं आणि त्याची मला लाजही वाटायची नाही.

रोज म्हटलं खरं, पण ते चांगल्या दिवसांत. तो प्यायचा. भजन संपलं की कौतुक करणारे बाप्येच त्याला खांद्यावर हात टाकून घेऊन जायचे आणि पाजायचे. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं सामसूम. मग आम्ही घागरी भरायचो आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. त्याची बायको मी यायच्या आधीच दोन्ही पोरं घेऊन माढ्याला माहेरी निघून गेली होती. गल्लीतले पुरुष म्हणायचे, कलावंत माणूस, चालायचंच. मला त्याची चीड यायची. गिरणीतून काढला की हे त्याला जेवायला घालणार होते का?

सासूबाई त्याला लेकरासारखा मानायच्या. एका सोमवारी त्या मला आणि अक्कांना घेऊन सिद्धेश्वराला गेल्या. देवापुढं हात जोडले आणि तिथंच, मला काही न विचारता, नवस बोलून मोकळ्या झाल्या.

"देवा, ह्याची दारू सुटू दे. ह्याची बायको नांदाय येऊ दे, आन तिच्या कानावर ह्याचं गाणं पडू दे. तवर मी चहा सोडला."

सासूबाईंनी चहा सोडला म्हणजे काय, हे ज्यांनी त्यांना सकाळी पाहिलंय त्यांनाच कळेल. पितळी कप भरून चहा झाल्याशिवाय त्या माणसांत नसायच्या. त्यांचं पाहून अक्कांनी पान सोडलं. मी आपली शेजारी उभी. तर सासूबाई देवाला म्हणाल्या, "आन हिनं शेंगाची चटणी सोडली."

देवळाच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी दम धरला. मग विचारलं, "आत्याबाई, माझी चटणी का म्हणून?"

"मग काय सोडणार हुतीस? कारलं?"

वर त्यांनी दंडक घातला की ज्याच्यासाठी नवस, त्याला यातलं अक्षर कळता कामा नये.

पुढचे दिवस आठवले की अजून हसू येतं. लाल ज्वारीची भाकरी आणि नुसतं पातळ कालवण. नवऱ्यासाठी चटणी मीच कुटायची, तिचा वास घ्यायचा, आणि स्वतः मात्र हात लावायचा नाही. सासूबाई बिनचहाच्या, म्हणून सकाळपासून कानडीत. अक्का तोंडात बडीशेप धरून बसायच्या. आणि हा बाबा दोन दिवस गायचा आणि चार दिवस पडून असायचा.

एका सकाळी असाच तो लाल डोळ्यांनी उशिरा नळावर आला. माझी पाळी होती. घागर पुढं करत म्हणाला, "वहिनी, तेवढी माझी आधी भरू द्या, भोंगा व्हायला आलाय."

माझा तोल गेला. रागावले की माझ्या तोंडून मोडनिंबचीच भाषा येते.

"आदी भरू द्या? दादा, तुमच्यापायी माझी चटणी गेली! आत्याबाईंचा चहा गेला, अक्कांचं पान गेलं. आमी देवाला सांगून बसलोय की तुमची दारू सुटू दे म्हणून. आन तुमाला सकाळी उठून गायाचं हुईना?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. तो माझ्याकडं, मग सासूबाईंकडं, मग अक्कांकडं बघत राहिला. घागर तिथंच ठेवून निघून गेला. सासूबाई मला दोन दिवस बोलल्या, कानडीत. मी ऐकून घेतलं, पण मी बोलले ते बरंच केलं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

कारण त्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावला नाही. आधी आमचा विश्वास बसेना. त्याचे हात कापायचे, अंगाला घाम सुटायचा. सासूबाई भिंतीवरून आंबील द्यायच्या, अक्का भात पाठवायच्या. त्यानं गिरणीत खाडा करणं सोडलं. न्यायला आलेल्या कौतुकवाल्यांना दारातूनच परत लावायला लागला. बातमी माढ्याला पोचली, आणि दिवाळी झाल्यावर बायको पोरांना घेऊन आली. गोरी, बारीक, कमी बोलणारी बाई. ती टांग्यातून उतरली तेव्हा सासूबाईंनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मला म्हणाल्या, "उद्या सकाळी चहाचं आधण ठेव."

मी आधण ठेवलं. खलबत्त्यात शेंगदाणे, लसूण, मिरची घालून तयार ठेवलं. भोंगा झाला आणि तो गिरणीत गेला. पेटी उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेव्हा आमच्या ध्यानात आलं की दारू सुटल्यापासून त्या खोलीतून गाणंच आलेलं नाही. त्याला बरं नाही, होईल हळूहळू, असं आपलं आम्ही धरून चाललो होतो.

सासूबाईंनी त्याला बोलावून विचारलं. तो उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मावशी, तुमी लोकांनी माझ्यासाठी सोडलं, मग मी न सोडून कसं चालंल? त्याच दिवशी सिद्धेश्वराच्या तळ्यावर आंघोळ केली आन देवाला सांगितलं, दारू सुटू दे, मी गाणं सोडतो. गाणं हाय तितं दारू हाय. दोन्ही एकदमच सोडलं."

आम्ही त्याच्या गाण्यासाठी आमच्या आवडीचं सोडलं होतं, आणि यानं आमच्याकडं बघून त्याच्या आवडीचं सोडलं. काय करणार? नवसाला नवसानं उत्तर देणारी माणसं आम्ही.

"लेकरा, दारू सोडायची हुती नुसती," सासूबाई म्हणाल्या.

"नुसती सुटत न्हवती, मावशी."

तो गेल्यावर त्या म्हणाल्या, "देवाला दिल्यालं परत घे असं मी कुटल्या तोंडानं सांगू?"

झालं. चहाचं आधण उतरवलं. खलबत्त्यातली चटणी नवऱ्यानं खाल्ली.

थंडी सरली. तो नेमानं कामाला जायचा, नेमानं परत यायचा, पोरांना शाळेत सोडायचा. सगळी गल्ली त्याचं उदाहरण द्यायची. पण माणूस विझल्यासारखा झाला होता. रस्त्यानं खाली बघून चालायचा. मला तर भीती वाटायला लागली की हा परत पिणार, आणि या वेळी कायमचा. एकदा नळावर त्याची बायको माझ्याशेजारी बसली होती. घागरीकडं बघत म्हणाली, "मी त्या गाण्याचा लई राग केला. सवत म्हनायची मी त्याला. आता सवत बी गेली आन दारू बी. पर घरात मानूस आल्यावानी वाटंना." मी तिचा हात धरला. दुसरं काय करणार होते?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी आम्ही रांगेत होतो. ती भिंतीला पाठ लावून राखेनं पातेलं घासत होती आणि घासता घासता गुणगुणायला लागली. त्याचा तोच अभंग. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीला जिथं आवाज वर जायचा तिथं ती सरळ खाली घसरली. अक्कांनी तोंड वाकडं केलं. ती पुन्हा म्हणाली, पुन्हा तशीच. मग आणखी मोठ्यानं, आणखी चुकीचं. ती मुद्दाम करतेय हे मला तेव्हा कळलं, कारण तिचं पातेलं केव्हाच लख्ख झालं होतं.

भिंतीपलीकडनं आवाज आला, "तसं न्हाय त्ये."

"मग कसं?"

"वर जायाचं तितं."

"वर म्हंजी कुटं? मला कळंना. दावा की."

नळाची धार घागरीत पडत होती, आणि सासूबाईंनी तोटी बंद केली. मग त्यानं ती एक ओळ म्हटली. एकच. आवाज गंजल्यासारखा झाला होता, पण जिथं जायचा तिथं बरोबर गेला.

"पुन्यांदा," ती म्हणाली. "पयल्यापासनं दावा."

पेटी उघडल्याचा आवाज आला. तो पूर्ण अभंग गायला. ती पातेलं मांडीवर घेऊन डोळे मिटून बसली होती. अक्का रडत होत्या, मी रडत होते. त्या सकाळी मी जितकी सुखी होते तितकी माझ्या लग्नातही नव्हते.

सासूबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि माझ्यावर खेकसल्या, "बघत काय बसलीस? चहा टाक."

"आत्याबाई, पण त्यांचा नवस मोडला की ओ."

"कुटं मोडला? बायकोला शिकवायलाय त्यो. शिकवणं म्हंजी गाणं न्हवं."

सगळ्या रांगेनं माना डोलावल्या. देवाचं काय म्हणणं होतं ते त्यानं कधी कळवलं नाही.

पुढं तो शिकवतच राहिला. आधी बायकोला, मग स्वतःच्या पोरांना, मग गल्लीतल्या सगळ्यांच्या पोरांना. लोक न्यायला आले की म्हणायचा, बायको बरोबर आली तर येतो. मधे एकदा घसरला, पण सावरला. फार मोठा गवई काही झाला नाही. सोमवारी संध्याकाळी देवळात त्याचं गाणं ऐकायला लोक चपला काढून पायऱ्यांपर्यंत बसायचे, आणि तेवढं आम्हाला पुरेसं होतं.

पेटी पुन्हा उघडली त्या सकाळी मी आधी भाकरीवर चटणी घेतली आणि मग चहा टाकला. सासूबाईंच्या हातात पितळी कप दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"शिवा शिवा! असलं कडू पाणी पीत हुते व्हय मी?"

"मग सोडा की," मी म्हटलं.

"सोडू? खुळी हायेस का? त्यो गातूय तवर मला प्यायलाच पाहिजे."

तेव्हापासून शेवटपर्यंत, रोज सकाळी भिंतीपलीकडं पेटी उघडली की सासूबाई डोळे घट्ट मिटून औषधासारखा चहा प्यायच्या, आणि अभंग संपेपर्यंत कप खाली ठेवायच्या नाहीत.