भावजींना दाखवायचं कुणाला?

माझे धाकटे दीर एकतीस वर्षांचे असताना अकरा दिवस कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. आणे पठारावर आमचं घर. तिथं माणूस बोलत नाही म्हटल्यावर दोन तर्क होतात, एकतर भांडण झालंय नाहीतर बाहेरचं काही लागलंय. ते आजारी असतील, असं म्हणणारी मी एकटीच होते.

भावजी लहानपणापासून वेगळे. चौथीत असताना दहावीची गणितं सोडवायचे. शाळेत पाहुणे आले की त्यांना पुढं उभं करायचे, आकडे विचारायचे, टाळ्या वाजवायचे. पोटात दुखतंय म्हणून ते रडायचे, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणी विचारायला यायचं नाही. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षी सोडून आले, त्यावर सगळ्यांचं एकच, "एवढं डोकं आसून वाया गेलं." मग ते गावातल्या दूध संकलन केंद्रावर बसायला लागले. फॅट मोजायचं मशीन बिघडलं की कंपनीचा माणूस यायच्या आत दुरुस्त करून ठेवायचे.

एका सकाळी दूध घेता घेता उठले आणि शेततळ्याच्या बांधावर जाऊन बसले. बारा वाजता मी भाकरी घेऊन गेले. "वहिनी," ते म्हणाले, "डोकं बंदच होत न्हाई. मोटार चालूय आन् बटनच सापडंना." त्यानंतर ते गप्प झाले ते अकरा दिवस.

बाराव्या दिवशी मी त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं आणि खाली महामार्गावर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. मी दहावी शिकलेली, पण गाडी चालवते. डॉक्टरांनी ताकदीचं इंजेक्शन दिलं आणि भावजी समोर बसलेले असताना मला म्हणाले, "हुशार माणसाला कसलं डिप्रेशन? लग्न करून टाका." मी म्हटलं, "डॉक्टर, आजारी ते हायेत. त्यांच्याशी बोला की." त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मग पुण्याला गेलो. मोठे मानसोपचारतज्ज्ञ, तीन तास रांग. आत गेल्यावर भावजींनी बऱ्याच दिवसांनी स्वतःहून तोंड उघडलं. गोळीचं नाव वाचून त्यांनी विचारलं, ही मला कॉलेजात असताना एका डॉक्टरांनी दिली होती तेव्हा हात थरथरायचे, दुसरी कुठली चालेल का? डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "डॉक्टर तुम्ही का मी? इंटरनेटवर वाचून येता आणि आमचा वेळ खाता."

भावजी उठले, हात जोडून नमस्कार केला आणि बाहेर गेले. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. लहानपणी प्रश्नांची उत्तरं दिली म्हणून डोक्यावर घेतलं होतं त्याच माणसाला आता एक प्रश्न विचारला म्हणून गप्प करत होते. मी ओरडले नाही. नाक्यावर उसाचा रस पाजला आणि घरी आणलं. न ओरडल्याचा राग मला अजून येतो.

कुणीतरी सांगितलं, विशेष हुशार मुलांसाठी पुण्यात एक केंद्र आहे. फोन लावला. पलीकडच्या बाई गोड बोलत होत्या. "मुलाचं वय?"

"एकतीस."

"ताई, आमच्याकडे सोळा वर्षांपर्यंतच घेतात."

"मंग सतराव्याला काय हुशारी गळून पडती का, दुधाच्या दातावाणी?"

मग मी दुसरा पत्ता मागितला. तो त्यांच्याकडे नव्हता.

शेवटी सापडली ती एका सरकारी दवाखान्यात, दर गुरुवारी येणारी समुपदेशक मुलगी. वय भावजींपेक्षाही कमी. खोलीत दोन खुर्च्या आणि औषधांची खोकी. तिनं मला बाहेर बसवलं आणि भावजींना विचारलं, "तुम्हाला काय होतं, तुम्हीच सांगा." दाराला फट होती, म्हणून मला ऐकू आलं. त्यांनी तिला प्रश्नांवर प्रश्न विचारले. ती दोनदा म्हणाली, "हे मला माहीत नाही. पुढच्या गुरुवारी विचारून येते." आणि खरंच विचारून आली. भावजींच्या बोलण्यावरून तिनं दुसऱ्या डॉक्टरांकडून गोळी बदलून आणली. चौथ्या गुरुवारी परतताना भावजी गाडीवर मागून म्हणाले, "वहिनी, क्लच लई घासतोय, घरी गेल्यावर बघतो." मला रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

पाच महिन्यांनी तिचा करार संपला. आम्हाला कळलं ते दाराचं कुलूप बघून. नाशिककडं पेठच्या रस्त्यानं गेली, मुंबईला गेली, जेवढी माणसं तेवढ्या बातम्या. नवीन कोण येणार, असं खिडकीवरच्या क्लार्कला विचारलं, तर म्हणाला, "पद रिक्त हाये ताई. वरून भरत्यात." वर म्हणजे कुठं, ते त्यालाही माहीत नव्हतं. अर्ध्या वाटेत माणसाला सोडून द्यायचं आणि त्याला पद रिक्त म्हणायचं!

तिचा नंबर भावजींकडे होता. आता ती दर पंधरा दिवसांनी फोनवर बोलते, दुसरी नोकरी सांभाळून. घरी रेंज नाही, म्हणून ते घाटाच्या तोंडाशी जाऊन बसतात. सकाळचं दूध परत घेऊ लागलेत. वाईट दिवस येतात, तेव्हा मी केंद्रावर बसते.

गेल्या महिन्यात खालच्या आळीतली एक बाई सहावीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या वह्या बघून भावजी थक्क झाले. तिच्या मनगटावर स्वतःच्याच दातांचे वळ होते. आई म्हणाली, "शाळेत म्हणत्यात, पहिली येती की, मंग कसली तक्रार? तुमी कुठं दाखवलं व्हतं?"

मी तिला सांगितलं, कुठं कुठं जाऊ नको ते. जा म्हणून सांगायला जागा नव्हती. भावजींनी आपल्या समुपदेशकाला फोन लावून मुलीसाठी वेळ मागितली, आणि त्या दोघींना घेऊन मी तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे गेले, रिकामं पद भरा म्हणून सांगायला. साहेब म्हणाले, लेखी द्या. भावजींनीच लिहिलेला अर्ज माझ्या पिशवीत होता. मी तो टेबलावर ठेवला आणि म्हटलं, पोच मिळाल्याबिगर आमी तिघी हिथून उठणार न्हाई. पावणेदोन तास बसलो, तेव्हा शिक्का मारून पोच मिळाली. पद अजून भरलेलं नाही. दर गुरुवारी मी विचारायला जाते.