मी कापून टाकलेला आवाज

पुण्यात शिकत होतो तेव्हा मला एक नाद लागला. रॉक बँडच्या कार्यक्रमांना जायचं, शर्टाच्या खिशात छोटा रेकॉर्डर ठेवायचा आणि सगळं टिपून आणायचं. परवानगी कुणी दिलेली नसायची आणि कुणी अडवायचंही नाही. ज्या बँडमागे मी सर्वांत जास्त फिरलो, त्या पाच पोरांनी कधी अल्बम काढलाच नाही. पुढे बँड मोडला. त्यांची गाणी आज उरली असतील तर माझ्यासारख्यांकडेच.

असा नाद असलेले लोक देशभर आहेत. आम्ही एकमेकांना रेकॉर्डिंग पाठवायचो. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही, असे दोन नियम सगळे मानायचे. पहिला मी पाळला.

माझ्याबरोबर कायम माझा खोलीतला मित्र असायचा. माझं गाव हिंगोलीकडचं साखरा, आणि त्याचा तांडा तिथून चालत अर्ध्या तासावर. तरी आमची ओळख झाली ती पुण्यात, वसतिगृहात. त्याला गाण्याची माझ्याहून जास्त समज होती, पण गप्प राहणं जमायचं नाही. वादकाने चांगलं काही वाजवलं की हा माझ्या कानाशी ओरडणार.

"अरे गप ना, सगळं आत जातंय," मी चिडून म्हणायचो.

"जाऊ दे की. आपण बी होतो तिथं, कळू दे लोकायला," तो म्हणायचा.

खोलीवर आल्यावर मी हेडफोन लावून बसायचो आणि त्याचं बोलणं, हसणं, खोकणं एकेक करून कापायचो. स्वच्छ झालेली फाइल ठेवायचो आणि मूळची पुसून टाकायचो, कारण डिस्कवर जागा कमी होती. मला त्या सफाईचा अभिमान होता. त्याला ठाऊक होतं. तो नुसता हसायचा.

शिक्षण संपलं. मी हिंगोलीला एका ग्रंथालयात लागलो, तो नांदेडला नोकरीला. दोन वर्षांपूर्वी सुट्टीला घरी येताना वारंगा फाट्याच्या अलीकडे ट्रकने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. तो जागीच गेला.

दोनेक महिन्यांनी त्याचे वडील ग्रंथालयात आले. वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळ बराच वेळ उभे होते, मला दिसलेच नाहीत. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"लेकरा, एक काम होतं," ते म्हणाले. "तुमी दोघं गाण्याला जायचे. तू ते भरून घ्यायचा म्हणं. त्याच्यात त्याचा आवाज असंल का?"

"मोबाइलमध्ये काही नाही का, काका?"

"त्याचा मोबाइल चुरा झाला. आमचा साधा हाय, नुसता बोलायचा. त्याची माय रोज इचारते. आवाज इसरून राहिले म्हणते."

माझ्याकडेही दुसरं काही नव्हतं. व्हॉट्सअॅपवर तो लिहायचा, बोलायचा कधीच नाही. मी म्हणालो, "शोधतो, काका." त्या वेळी खरं सांगायचं धाडस झालं नाही.

घरी जाऊन अठरा रेकॉर्डिंग पहिल्यापासून ऐकली. कुठेही तो नव्हता. काही ठिकाणी गाणं संपून टाळ्या एकदम मधूनच सुरू होतात. तिथे तो काहीतरी बोलला होता. काय, ते आठवेना. इतकी चोख सफाई मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात केलेली नाही.

तिसऱ्या दिवशी गुवाहाटीचे एक गृहस्थ आठवले. माझ्यासारखेच संग्रह करणारे, वयाने मोठे, कधी भेटलो नव्हतो. एकदा त्यांनी माझी स्वच्छ फाइल परत केली होती. कापलेलं नको, अख्खं पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. मला राग आला होता, पण मूळ फाइल अजून पुसली नव्हती म्हणून पाठवून दिली होती. आता त्यांना सगळी हकिकत कळवली. चार दिवसांनी फाइल आली. सोबत दोन ओळी होत्या: यात कुणीतरी सारखं बोलतंय म्हणून मी ही कुणाला दिली नव्हती, पण खोडलीही नव्हती.

रविवारी सकाळी तांड्यावर गेलो. अंगणात बाज टाकलेली होती. काका बसले, काकू दाराशी उभ्या राहिल्या. मी छोटा स्पीकर लावला. गिटार सुरू झाली आणि तिच्यावरून त्याचा आवाज आला, "काय वाजवून राहिलं रे ते पोरगं!"

काकूंनी दाराची चौकट धरली.

पुढे गाणं संपताना त्याने एक लांबलचक आरोळी ठोकली होती. कार्यक्रमात पोरं ओरडतात तशीच ती मला वाटायची. पण काकू एकदम पुढे आल्या आणि गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, काकांना भराभर काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हशीला बोलावून राहिला तो," काका म्हणाले. "नाल्याच्या पल्याड चरत राहिली की असाच हाकारायचा. पार इथून."

काकूंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्या खाली बसल्या आणि रडल्या. अंत्यविधीला त्या रडल्या नव्हत्या, हे मी पाहिलं होतं.

त्यांच्या साध्या फोनलाही मेमरी कार्डाची जागा होती; चहा झाल्यावर मी ती फाइल भरलेलं कार्ड त्यात घालून कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. काकांनी दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाले, "तुमी तर लई वेळा गेलते. बाकीच्यात न्हाई का?"

आता खोटं बोलणं शक्य नव्हतं. "होता, काका. मीच काढून टाकला."

"काहून?"

"गाणं स्वच्छ यावं म्हणून."

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. "व्हय का," एवढंच म्हणाले आणि फोन बंडीच्या खिशात ठेवून म्हशीला पाणी दाखवायला उठले. मी बादली घ्यायला पुढे झालो. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि एकटेच गेले.