वहिनीच्या गाऊनची शिवण

माझा भाऊ देवमाणूस आहे असं सगळी गल्ली म्हणते. म्हणू देत. गल्लीचं काय जातंय? त्यांचे कपडे वेळेवर मिळतात. मी त्याच्या दुकानात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून जन्मभर काज-बटणं केली. मला विचाराल तर मी वेगळं सांगेन.

दुकान म्हणजे एकच खोली. दाराशी दादाचं मशीन, मागे कापायचं टेबल, भिंतीला उभा आरसा. लोक त्याला मास्तर म्हणतात. गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत ह्याने नुसत्या नजरेने कंबर मापलेली असते. टेप लावतो तो आपला त्यांच्या समाधानाला. वहिनी चिडवायची, "मास्तर, मी पहिल्यांदा भेटले तेव्हा माझा चेहरा बघितलात की नुसता खांदा?" दादा गंभीर तोंड करून म्हणायचा, "खांदा. डावा जरा उतरता आहे." मग दोघं हसत सुटायची. चेष्टा तीच, पण दर वेळी हसायची.

ह्या वहिनीला पोटाचा कॅन्सर झाला. कळलं तोवर यकृतापर्यंत गेला होता. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं, मीही तिथेच होते. हा बरा होणार नाही. इंजेक्शनं घेतलीत तर थोडे महिने जास्त मिळतील, पण अंगाचे हाल होतील. नको असतील तर दुखणं कमी करणाऱ्या गोळ्या देते, कुठे जायचं असेल तिथे जाऊन या.

वहिनी म्हणाली, "घेऊन बघते. पण माझी आई ह्याच रोगाने गेली. शेवटी तिचं चिपाड झालं होतं, अंथरुणात शोधावी लागायची. तोवर ताणायचं नाही मला. ज्या दिवशी माझे कपडे मला ढगळ होतील त्या दिवशी सुई बंद. मग मी लेकीकडे जाणार, नातीला मांडीवर घेणार, आणि काय व्हायचं ते तिथे होऊ दे." माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, ऐकलंत ना?"

लेक लांब राहते, गाड्या बदलत जावं लागतं. तिचं मूल दिवसांच्या आधीच झालेलं, चिमणीएवढं, त्याला घेऊन ती निघू शकत नव्हती. वहिनीने नात पाहिली ती फोनवरच. तेव्हा तिच्या लेखी सगळा हिशेब त्या कपड्यांवर होता. दवाखान्यात काट्यावर उभी राहिली की डोळे मिटायची. "आकडा सांगू नका बाई. शिंप्याची बायको आहे मी, माझे कपडे सांगतील मला."

दोन-तीन इंजेक्शनं झाली असतील. दादाने वहिनीचा गाऊन इस्त्रीला म्हणून दुकानात आणला आणि उलटा करून बाजूची शिवण उसवायला लागला.

"काय करतोस रे?"

"उसवलीय, टीप मारतो."

खोटारडा! शिवण धडधाकट होती. त्याने दोन्ही बाजूंनी बोटभर कापड आत घेतलं, हाताला लागू नये म्हणून आतलं जादा कापून टाकलं, आणि नवा दोरा ओळखू येऊ नये म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून घेतला. असं काम त्याने कुठल्या नवरीच्या कपड्यांनाही केलं नसेल. पुढच्या आठवड्यात गळा. मग मुंढे, मग पायजम्याची नाडी, टोकं जास्त लोंबू नयेत म्हणून आखूड. मग म्हणाला, "बटणं तेवढी तू सरकवून दे."

"मेले तरी देणार नाही. तिला सांग काय ते."

"सांगितलं तर ती थांबेल."

"मग थांबू दे की! अंग तिचं, मरण तिचं. तुझं काय जातंय?"

"आणि मी काय करू गं? ती गेल्यावर मी काय करू?" असं म्हणून गळ्यातल्या टेपनेच डोळे पुसायला लागला. मला कीव यायला हवी होती. संताप आला. बटणं त्याने स्वतःच लावली.

मी सरळ वहिनीकडे गेले आणि सांगून टाकलं. "वहिनी, तुम्ही वाळलात. दादा तुमचे कपडे आत घेतोय." तिचा चेहरा उतरला. दादा मागून आलाच. तिने त्याला तोंडावर विचारलं. माझा देवमाणूस भाऊ हसून म्हणाला, "हिचं काय ऐकतेस? काज-बटणवाली ती, तिला मापातलं काय कळतं?" वहिनीला तेच ऐकायचं होतं. गाऊन उलटा करून बघायला किती वेळ लागतो? पण तिने बघितलं नाही. मला म्हणाली, "वन्सं, माझ्या नवऱ्यावर असले आळ घेऊ नका. आणि जमलं तर थोडे दिवस येऊ नका."

थोडे दिवस मी गेले नाही. मग गेलेच, कारण डबा कोण देणार? वहिनीच्या तोंडभर फोड आलेले, पाणीसुद्धा झोंबायचं. नखं काळी पडली. तळपाय बधिर, भिंत धरून मोरीपर्यंत जायची आणि अर्ध्या वाटेत ओकायची. तोंड पुसून मलाच धीर द्यायची, "लागू पडतंय हो औषध. बघा, कपडे कसे जिथल्या तिथे." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन फार उतरलंय, आता थांबू या का?" वहिनीने दादाकडे बघितलं. दादा म्हणाला, "काटा काहीही म्हणू दे, कपडे तर तेच होतात." झालं. पुन्हा सुई. लेक फोनवर म्हणायची, "आई, ये ना गं." वहिनी म्हणायची, "एवढी संपली की निघालेच."

थंडी पडली तेव्हा लेकीकडून पार्सल आलं. आजाराच्या आधी वहिनी तिच्याकडे गेली होती तेव्हा आपला कोट तिथेच विसरली होती. दादाने शिवलेला, लोकरीचा, जाड. लेकीने फोनवर सांगितलं, "हा घाल आणि निघ."

दादा दुकानात होता. वहिनी लहान पोरीसारखी खूश होऊन म्हणाली, "द्या बघू वन्सं." मी कोट तिच्या अंगावर चढवला. बाह्यांत तिचे हात गडप झाले. खांदे दंडांवर लोंबले. बटणं लावली तर आत आणखी एक बाई मावली असती. ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. मग पलंगावर बसली, गाऊनचा घेर उलटा केला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"ही टीप ह्यांची," ती म्हणाली. "ही पण ह्यांचीच."

मग कपाटातले सगळे कपडे मला काढायला लावले आणि एकेक उलटा केला. सांगितलं होतं ना, असं तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तेवढ्यात दादा आला. पलंगभर उलटे कपडे, मध्ये कोटातली बायको. आणि माणसाच्या तोंडून काय निघावं? "जरा ढगळ वाटतोय का? दे, आत घेतो."

जित्याची खोड, दुसरं काय!

वहिनी ओरडली नाही. "उद्या लेकीकडे जायचंय," एवढंच म्हणाली. डॉक्टरीणबाई घरी येऊन तपासून गेल्या. गाडीत बसण्याइतकं त्राण आता राहिलं नव्हतं. "मागेच जायला हवं होतं हो," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर वहिनी दादाला म्हणाली, "उसवा सगळे. होते तसे करून द्या."

तो तिच्या पायाशी बसला आणि उसवायला लागला. दोन गाऊन उसवून झाल्यावर खाली मान घालून म्हणाला, "सैल नाही होणार गं. जादा कापड कापून टाकलं."

"कुठे टाकलंत?"

"चिंध्यांत."

त्यानंतर ती कोटातच राहिली. पुसायला, कूस बदलायला मीच लागायचे. दादाने हात लावला की डोळे मिटायची, काट्यावर मिटायची तशी. दादा मशीन सोडून दारात बसून राहायचा. मी त्याला जेव म्हटलं नाही.

वहिनी गेली आणि दुसऱ्या दिवशी लेक पोहोचली, बाळाला छातीशी बांधून. कोटाच्या बाहीत हात घालून तिने आईचा हात शोधला. मग वर बघून म्हणाली, "आत्या, आई एवढीशी कशी झाली? बाबा तर रोज सांगायचे, कपडे अजून तेच होतात."

मी म्हटलं, "विचार तुझ्या बापाला."

दादाने सांगितलं. काही लपवलं नाही, चहाच्या पाण्यातला दोरासुद्धा सांगितला. लेकीने सगळं ऐकून घेतलं. बाळ रडायला लागलं तसे नातीला घ्यायला दादाने हात पुढे केले.

लेकीने ती माझ्याकडे दिली.