घरची मुलगी आणि शनिवारच्या पुऱ्या

समर कॅम्पची नोंदणी हिवाळ्यातच होते, हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी मे महिन्यात फोन केला. पलीकडची बाई इतक्या गोड आवाजात ‘सगळं फुल आहे’ म्हणाली, की फोन ठेवताना मीच तिचे दोनदा आभार मानले. बायकोची नवी नोकरी, पहिले सहा महिने एकही रजा नाही. माझ्या रजा भारतवारीत संपलेल्या. नऊ वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि समोर दोन महिन्यांची सुट्टी.

बायकोने माझ्यावर चिडण्यात वेळ घालवला नाही. तिने ऑ पेअरचा पर्याय शोधला. घरात राहायचं, घरच्यांबरोबर जेवायचं, ठरलेले तास मुलं सांभाळायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. टोरांटोच्या एटोबिको भागातल्या आमच्या घराच्या बेसमेंटमध्ये एक खोली रिकामी होतीच. ‘घरच्यांबरोबर’ हा शब्द मी नीट ऐकला. ‘ठरलेले तास’ हे शब्द या कानातून त्या कानात गेले.

आली ती सांगलीची मुलगी. इथल्या कॉलेजात शिकणारी, सुट्टीत पूर्णवेळ काम शोधणारी. मुलाखतीला मी पोहे केले. वर खोबरं-कोथिंबीर पेरून विचारलं, “स्वयंपाक येतो का?” टेबलाखालून बायकोची लाथ बसली. मुलगी बघायला आलेल्या काकांसारखा मी बसलो होतो, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

मुलीने मात्र पोहे संपवले आणि आमचीच परीक्षा घेतली. मुलांना कसली ॲलर्जी आहे? कोण कशाला घाबरतं? तुमचा फोन लागला नाही तर कुणाला करायचा? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? मी तत्परतेने उठून पेटी आणली. आत डोकेदुखीच्या बामची डबी आणि एक कात्री. तिने दोन्हींकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, “बाम चांगला आहे.”

पहिल्या आठवड्यातच तिने घर ताब्यात घेतलं. मुलं मराठीला इंग्रजीत उत्तर द्यायची. तिने त्यांना कधी टोकलं नाही. गराजमधल्या फुटक्या फरशा घेऊन ती पार्कात गेली आणि लगोरी मांडली. पंधरा दिवसांत शेजारची चिनी, सोमाली, पंजाबी पोरं मागे उभी राहून ‘लगोरी’ ओरडत होती. पाण्याला घाबरणारी आमची मुलगी पूलमध्ये उतरली, कारण मुलांची ही नवी ताई तीन दिवस तिच्या शेजारी काठावर पाय सोडून नुसती बसून राहिली. ‘घाबरू नकोस’ असं एकदाही म्हणाली नाही. मी पोरीला दोन वर्षं तेवढं एकच सांगत होतो.

मी भारावलो, आणि भारावलेला मराठी माणूस करतो तेच केलं. येईल-जाईल त्याला सांगू लागलो, आमच्या घरचीच झाली हो पोर. मग घरचीच म्हणून मी पाचऐवजी साडेसहाला येऊ लागलो. घरचीच म्हणून एका शनिवारी आठ पाहुण्यांच्या पुऱ्या तिच्याकडून लाटून घेतल्या. पुढच्या शनिवारी परत.

जुलै संपत आला तेव्हा एका सोमवारी ती आम्हा दोघांसमोर येऊन बसली. एका दुसऱ्या घरी बोलावलंय, म्हणाली. एक तारखेपासून जायचा विचार आहे. बायकोचा चेहरा उतरला. ऑगस्ट पूर्ण उरला होता आणि तिच्या नोकरीचे सहा महिने भरले नव्हते.

मी म्हणालो, “अगं, पण इथे तू घरच्यासारखी आहेस.”

“तेच तर काका.” तिने आवाज चढवला नाही. “मी घरची असते तर म्हटलं असतं, मी झोपतेय, पुऱ्या तुम्ही लाटा. कामावर असते तर म्हटलं असतं, शनिवारी माझी सुट्टी. मला दोन्हींतलं काहीच म्हणता आलं नाही.”

उत्तर माझ्याआधी बायकोने दिलं. “हे वाक्य मला लग्नाच्या आधी सुचायला हवं होतं,” ती म्हणाली.

तिघांत मी एकटाच हसलो नाही. मग मी माफी मागितली. जमेल तशीच, म्हणजे अडखळत, मध्येच चहा घेणार का विचारत. मी करेन तो चहा, असंही घाईने जोडलं. ताई म्हणाली, चहा नको, कागद द्या. त्यावर तिने तास लिहिले. नऊ ते पाच, शनिवार-रविवार सुट्टी, उशीर होणार असेल तर आधी विचारायचं. ‘सांगायचं’ लिहून खोडलं होतं आणि ‘विचारायचं’ केलं होतं. मी सही केली. मुलांनी साक्षीदार म्हणून केली. धाकटीने सहीशेजारी मासा काढला. कागद फ्रीजवर लागला आणि दुसऱ्या घराला तिने नकार कळवला.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी पुन्हा पाहुणे आले. तिला आम्ही रीतसर जेवायला बोलावलं होतं. ती टेबलाशी मुलांबरोबर पत्ते खेळत होती आणि मी ओट्याशी पुऱ्या लाटत होतो. एकही गोल होईना. एका वहिनींना ते बघवलं नाही. “अगं, त्यांना जरा हात लाव ना,” त्या तिला म्हणाल्या.

आमच्या धाकटीने पत्त्यांतून मान वर न करता फ्रीजकडे बोट दाखवलं. “इट्स सॅटर्डे.”

वहिनी माझ्याकडे बघू लागल्या. मी पुढची लाटी घेतली.

“काका,” ताई बसल्या जागेवरून म्हणाली, “कड जाड राहतेय. कडेने लाटा. आणि तेवढी एक कढईत टाकू नका, ती फुगायची नाही.”

मी ती मोडून पुन्हा लाटायला घेतली.