वाफ्याची रीत

इरा, निहाल — हे मी तुमच्या आईला कधी सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

गेल्या रविवारी इराने फोनवर तिच्या वर्गाच्या भिंतीचा फोटो दाखवला. गुणाकाराची युक्ती, आणि वर रंगीत अक्षरांत — ‘आजीची रीत’. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही हसले, फोन ठेवला आणि मेथी निवडायला घेतली.

ती रीत तुम्हाला पाठ आहे. पस्तीस गुणिले अठरा. पस्तीसची दुप्पट सत्तर, अठराचे निम्मे नऊ. सात नवे त्रेसष्ट, पुढे शून्य. कागद लागत नाही.

मी गणिताची शिक्षिका कशी झाले, असं तुम्ही विचारता तेव्हा मी सांगते — जाहिरात पाहिली, अर्ज केला, नेमणूक झाली. ते खरं आहे. पहिलं वर्ष मला कायम केलेलं नव्हतं, हे मात्र गाळते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत. शनिवार पेठेतल्या त्या मराठी शाळेत ‘लसावि’ कशाला म्हणतात, हे मी मुलींच्या एक दिवस आधी शिकत होते. पण ते कारण नव्हे. कारण म्हणून सांगत नाही.

सहावीत सुमन नावाची मुलगी होती. बिबवेवाडीहून यायची, तेव्हा तिकडे शेतं होती. एके दिवशी मुख्याध्यापिका माझा तास पाहायला मागच्या बाकावर येऊन बसल्या. मी फळ्यावर हेच उदाहरण मांडत होते. पहिली ओळ लिहून व्हायच्या आत सुमन म्हणाली, “सहाशे तीस.”

कसं काढलंस, असं मला विचारावंच लागलं.

“बाई, पस्तीस रोपांच्या अठरा वळी हायेत. वाफा मधनं कापायचा आन् अर्धा शेजारी लावायचा. सत्तर रोपांच्या नऊ वळी झाल्या. रोपं तेवढीच ऱ्हात्यात की.”

मला समजलं नाही का? समजलं. त्याच क्षणी समजलं, आणि माझ्या फळ्यावरच्या मांडणीपेक्षा ते सुंदर आहे हेही समजलं. मी म्हणाले, “वाफे शेतात. इथे गणिताची रीत लागते.” वर्ग हसला. मुख्याध्यापिकाही किंचित हसल्या. सुमन खाली बसली.

इथवरचं कदाचित मी तुम्हाला एखाद्या दिवशी सांगितलंही असतं. नव्या शिक्षकाच्या तोंडून असं निघून जातं — नाही का?

सहामाहीत तिने पाच उदाहरणं तिच्याच पद्धतीने सोडवली. पाचही उत्तरं बरोबर. मी पाचही ठिकाणी शून्य दिलं आणि लाल शाईने लिहिलं, ‘रीत चुकीची’. बरोबर ठरवलं असतं, तर त्या दिवशी मागच्या बाकासमोर मी चुकले होते असं झालं असतं. शिष्यवृत्तीच्या वर्गाची यादी मीच करत असे. त्या गुणांवर तिचं नाव बसत नव्हतं. मी ते घातलं नाही. सुमनने पुन्हा कधी हात वर केला नाही.

मला कायम केलं. पुढच्या जूनमध्ये नव्या सहावीला मी म्हणाले, “आता माझी एक युक्ती सांगते.” माझी! हा शब्द मी पुढे एकतीस वर्षं, दर जूनमध्ये म्हटला. मग तुमच्या आईला शिकवताना. मग तुम्हाला.

एवढंच असतं तरी मी लिहिलं नसतं. निवृत्तीनंतर एकदा मंडईबाहेर रिक्षाची वाट पाहत होते. एक बाई वाकून पाया पडली. “वळखलं का बाई? सुमन.” तिच्याबरोबर शाळेच्या गणवेशातली मुलगी होती. तिला म्हणाली, “ह्या माझ्या गणिताच्या बाई.” आणि मग माझ्याकडे पाहून, हसत, “मला काय ते कधी जमलंच नाही. तुम्हाला तर म्हाईतच हाय.”

ती मुलगी माझ्याकडे पाहत होती. त्या गर्दीत आमच्या तिघींखेरीज ऐकणारं कोणी नव्हतं. नोकरी संपली होती, मुख्याध्यापिका वारल्या होत्या. मग मला कशाची भीती होती?

मी म्हणाले, “असू दे गं. सगळ्यांनाच जमत नाही.”