नाकाला डिग्री लागत नाही

कुंदाताई घरात आल्या की बाळाकडे बघायच्या आधी भांडी हुंगायच्या. कासारवाडीच्या आमच्या वस्तीत त्या आशाताई होत्या, घरोघरी बाळ-बाळंतिणीची विचारपूस करणाऱ्या सरकारी आरोग्यसेविका. बाळाच्या दुधाची वाटी, चमचा, सगळं नाकाशी न्यायच्या. आम्ही कॉलेजच्या मुली त्यांना मागून ‘मांजर’ म्हणायचो. त्यांना ते कळलं होतं. “मांजर तर मांजर,” त्या हसायच्या, “नासलेलं दूध तिलाच पहिलं कळतंय.”

वहिनी चाकणच्या कंपनीत. पहिल्या शिफ्टची बस यायच्या आधी ती आपलं दूध काढून ठेवायची. पाच महिन्यांच्या ओवीला ते वाटी-चमच्यानं पाजायला कुंदाताईंनीच मला शिकवलं. “येळ लागतो. पण वाटी धुतली का न्हाई ते दिसतं. बाटलीच्या पोटात कोण बघणार?”

माझी परीक्षा जवळ आली होती. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. एका हातात पुस्तक धरून चमचा चालेना, म्हणून मी गुपचूप बाटली आणली. वहिनीनं पहाटे उठून काढलेलं दूध मला फेकवत नसे. सकाळचं उरलेलं मी दुपारी पुन्हा पाजायचे. बाटली नुसती विसळून कॉलेजच्या बॅगेत लपवायचे.

ओवीला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी डोळे खोल गेले, सलाईन लावावं लागलं. आई वहिनीला म्हणाली, “तुझं दूधच बाधलंय तिला. पाजू नकोस.” वहिनी भिंतीकडे तोंड करून बसली. मी म्हणाले, “दात येत असतील.” एवढंच.

ओवीला घरी आणलं त्या दिवशी कुंदाताई आल्या. वाटी हुंगली, चमचा हुंगला, आणि माझ्या बॅगेपाशी थांबल्या. मला नळापाशी नेऊन बाटली काढायला लावली. “हुंग.” आंबूस वास आला. “नाकाला डिग्री लागत न्हाई, पोरी.”

आता सगळं सांगणार, असं मला वाटलं. त्या आत जाऊन आईला म्हणाल्या, “आक्का, सुनेच्या दुधाला बोल लावू नका. चूक माझी हाय. काढलेलं दूध किती येळ ठेवायचं, ते मी नीट सांगितलं न्हाई.” मग वहिनीला म्हणाल्या, “तू पाज गं. आत्ता पाज.”

आई त्यांना वाट्टेल ते बोलली. त्या ऐकून घेत राहिल्या. मी दारात उभी होते, बाटली ओढणीखाली धरून. निघताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाल्या, “म्या सांगितलं तर चहाडी व्हईल. वैनीला तूच सांग.”

गेल्या वर्षी कुंदाताई वारल्या. परवा ओवीची वेणी घालता घालता वहिनी म्हणाली, “बाई चांगली होती. पण तिच्या एका चुकीनं हिच्या जिवावर बेतलं होतं, नाही का गं?”

मी मान डोलावली.