टाइप करणार डबा, बोलणी खाणार अलका

दुरुस्त झालेली वस्तू गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा मात्र आपल्याकडेच टाकून जातं. माझ्याकडे ही अडगळ बरीच साठलीये. त्यातला एक डबा आठवला की आजही डोकं फिरतं!

नव्वदच्या दशकात मी आणि माझा पार्टनर पाध्ये ठाण्यात बाळकुमला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायचो. मायक्रोकंट्रोलरची चिप वापरून आम्ही एक डबा बनवलेला. तो वजनकाटा आणि कॉम्प्युटरच्या मधे जोडायचा. काट्यावर पोतं ठेवलं की डबा आकडे असे पाठवणार, की कॉम्प्युटरला वाटावं, कोणीतरी कीबोर्डवर टाइप करतंय.

पहिला डबा लागला डोंबिवलीच्या एका मसाल्याच्या कारखान्यात. तिथली ऑपरेटर अलका पाटील, टिटवाळ्याची. अजून कायम झालेली नव्हती, आणि ते मॅनेजर कर्णिकांच्या हातात. डबा बिघडला की बोलणी हिलाच!

* * *

पहिल्याच दिवशी स्क्रीनवर सातावर सात पडत सुटले. मिरचीपुडीचं एक पोतं अख्ख्या डोंबिवलीपेक्षा जड!

'कळ दाबली' हे डबा कॉम्प्युटरला सांगत होता, 'सोडली' हे सांगतच नव्हता. आम्ही ते कर्णिकांना समजावलं. ते ऐकतील तर शपथ! अलकाला म्हणाले, "बाई, टायपिंगच्या क्लासमध्ये बोट उचलायला शिकवलं नाही का?"

* * *

ते निस्तरलं, तर डब्याची शिफ्टची कळ अडकली. वजन ५२.३१, स्क्रीनवर %@>#!

कर्णिक लालबुंद. "माझा मुलगा कॉमिक्स वाचतो. शिव्या अशाच छापतात, कळतं मला!"

अलका बिचारी रडायची बाकी होती. मला तर तो डबा कर्णिकांच्याच टेबलावर आपटावासा वाटला.

* * *

मग कांडपयंत्र सुरू झालं की काटा रिकामा असतानाही आकडे उमटायला लागले. आम्ही कर्णिकांसमोर कीबोर्डच उपटून ठेवला. अलका हाताची घडी घालून लांब उभी. तरी आकडे आले!

"बघितलंत?" पाध्ये ओरडला.

"बघितलं," कर्णिक म्हणाले. "या बाईंसोबत राहून मशीनलाही चुका करायची सवय लागली."

आता या माणसाला काय म्हणायचं!

* * *

शेवटी पाध्ये तिला म्हणाला, "अगं, उद्या तू येऊच नको. तुझ्याशिवाय चुका झाल्या की सुटलीस!" तिने रजा टाकली. दिवसभर चुका झाल्याच.

दुसऱ्या दिवशी कर्णिकांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. "बाई, कालच्या चुका पाहिल्या. उद्यापासून येऊ नका."

मी भडकलो. "अहो, काल ती रजेवर होती!"

"कॉम्प्युटर त्यांच्या नावावर आहे ना? मग चुका त्यांच्याच."

अलका शांतपणे पुढे झाली. "बरं साहेब, माझ्या तर माझ्या. म्हणजे काल मी कामावर होते. रजा कापू नका. हजेरीचं मस्टर द्या, कालची सही करते."

कर्णिकांनी मस्टरवर दोन्ही हात दाबून धरले. अलकाने पेनाचं टोपण काढलेलं होतं.